टीव्ही हळू बोलेना, सुळकीला झोप येईना

एक होती पाल. इवलीशी. तुझ्या करंगळीएवढी. तिचं नाव सुळकी.

सुळकी राहायची कुठे? टीव्हीच्या मागे! तिथे कसं ऊबदार वाटायचं. दुपारी एक डास खायचा, पोटावरून हात फिरवायचा आणि गुडुप झोपायचं.

एक दिवस घरी बगूआत्या राहायला आली. बगूआत्या म्हणजे बाबांची आत्या. केस पांढरे, हसू गोड. कानाने मात्र जरा कमी ऐकू यायचं. आत्या खुर्चीत बसली. टीव्ही लावला. आवाज वाढवला. अजून वाढवला. अजून वाढवला!

ढॅण् ढॅण् ढॅऽऽण्!

टीव्हीची एक गंमत असते बरं का. चेहरा पुढे आणि तोंड मागे! सगळा आवाज सुळकीच्या अंगावर. सुळकी टुणकन उडाली. तिची झोपही उडाली. कुठे गेली कोण जाणे!

"अहो आत्या, केवढा हा आवाज! शेजारच्यांच्या घरात वाट्या पडल्या!" आई स्वयंपाकघरातून ओरडली.

"काय म्हणालीस गं?" असं म्हणून आत्याने आवाज आणखी वाढवला.

सुळकी म्हणाली, "चुक चुक! माझी झोप मला हवी!"

आणि निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"टीव्हीदादा, टीव्हीदादा, हळू बोल ना!
मला झोप येईना!"

टीव्ही म्हणाला, "मी नाही जा! आधी रिमोट थांबू दे, मग मी हळू बोलतो."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. सुळकी रिमोटकडे गेली.

"रिमोटदादा, रिमोटदादा, थांब ना!
टीव्ही हळू बोलेना,
मला झोप येईना!"

रिमोट म्हणाला, "मी नाही जा! आधी अंगठा हटू दे, मग मी थांबतो."

अंगठा कुणाचा? आत्याचा! बटणावर ठाण मांडून बसला होता. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"अंगठेदादा, अंगठेदादा, हट ना!
रिमोट थांबेना,
टीव्ही हळू बोलेना,
मला झोप येईना!"

अंगठा म्हणाला, "मी नाही जा! आधी कान ऐकू दे, मग मी हटतो."

सुळकी पदरावर चढली, खांद्यावर चढली. आत्याला गुदगुल्या झाल्या. तिला वाटलं, अंबाडा सुटला! सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"कानदादा, कानदादा, ऐक ना!
अंगठा हटेना,
रिमोट थांबेना,
टीव्ही हळू बोलेना,
मला झोप येईना!"

कान अगदी रडवेला झाला होता. म्हणाला, "मी नाही जा! टीव्ही सगळं भिंतीला सांगतो, मला नाही. लोक हसतात म्हणून आत्या हसते. का हसायचं, ते तिला कळतच नाही. आधी स्पीकर हलू दे, माझ्याजवळ येऊ दे, मग मी ऐकतो."

सुळकीला फार वाईट वाटलं. एवढी गोड आत्या, आणि उगाच हसते?

स्पीकर होता फ्रिजवर. लाल लाल, लाडूएवढा. टीव्हीचा आवाज त्यातून यावा म्हणून बाबांनी हौसेने आणला आणि विसरून गेले. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"स्पीकरदादा, स्पीकरदादा, हल ना!
कान ऐकेना,
अंगठा हटेना,
रिमोट थांबेना,
टीव्ही हळू बोलेना,
मला झोप येईना!"

स्पीकर म्हणाला, "मी नाही जा! माझ्या पोटात वीजच नाही. आधी वायर सुटू दे, मला वीज पाजू दे, मग मी हलतो."

वायर होती सोफ्याखाली. नुसता गुंता! सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"वायरताई, वायरताई, सूट ना!
स्पीकर हलेना,
कान ऐकेना,
अंगठा हटेना,
रिमोट थांबेना,
टीव्ही हळू बोलेना,
मला झोप येईना!"

वायर म्हणाली, "मी नाही जा! आधी बोका उठू दे, मग मी सुटते."

बाप रे! वायरीवर खरंच बोका झोपला होता. घुर्रर्र फुस्स, घुर्रर्र फुस्स. एवढ्या आवाजात याला झोप येते तरी कशी! बोका पालींना पकडतो, हे सुळकीला माहीत होतं. ती दोन पावलं मागे सरकली. पण झोप तर हवी. आणि आत्याच्या कानाचं काय? सुळकी लांबूनच, अगदी बारीक आवाजात म्हणाली,

"बोकोबा, बोकोबा, ऊठ ना!
वायर सुटेना,
स्पीकर हलेना,
कान ऐकेना,
अंगठा हटेना,
रिमोट थांबेना,
टीव्ही हळू बोलेना,
मला झोप येईना!"

बोक्याने एकच डोळा उघडला. "मी नाही जा! आधी काहीतरी वळवळू दे, मग मी उठतो."

सुळकीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. वळवळणारं काहीच दिसेना. मग तिने मागे पाहिलं.

शेपटी! तिची स्वतःची शेपटी. छान, टोकदार. तिला ती फार फार आवडायची.

सुळकीने डोळे घट्ट मिटले.

टुपुक!

शेपटी पडली आणि एकटीच नाचायला लागली. वळवळ वळवळ! वळवळ वळवळ!

बोका उठला. धप्प!
वायर सुटली. सर्रर्र, थेट स्पीकरपर्यंत!
स्पीकर वीज प्यायला, गटागटा. मग हलला. डुगू डुगू, डुगू डुगू, थेट आत्याच्या खुर्चीवर, कानाजवळ!
कान ऐकू लागला.
अंगठा हटला.
रिमोट थांबला.
टीव्ही हळू बोलला. हळू, हळू, अगदी हळू.

टीव्हीवर एक काका छत्री घेऊन अंघोळीला चालले होते. आत्याला कळलं! सगळं कळलं! ती हसली, सगळ्यांच्या आधी हसली. खो खो खो! तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"अगं, ये लवकर!" तिने आईला हाक मारली. "अंघोळीला छत्री घेऊन निघालाय मेला!"

बोका शेपटीमागे धावून धावून दमला. पंख्याखाली आडवा झाला.

आणि सुळकी? ती केव्हाच टीव्हीमागे गेली. आत्या हसत होती, पण त्या हसण्याने सुळकीची झोप मोडली नाही. शेपटीची काळजी नको हं! पालीला नवी शेपटी येते. येईल हळूहळू.

सुळकी झोपली, बोका झोपला, गोष्टही झोपली. आता जागं कोण राहिलं? तू?