कोंडमाळचं पान

“पन ते पान तू लिवलंस कुनासाठी?”

लतीफबाबांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. विचारताना त्यांच्या हातातला खराटा थांबला नाही.

शार्दूल नाडगौडाला राग आला. तीन तास गाडी चालवून तो या आडजागी आला होता, तो एका ड्रायव्हरला परत न्यायला. फकिराला आपला धंदा समजावून सांगायला नव्हे.

“कुणासाठी नाही, बाबा. म्हणजे माणसांसाठी नाही. ते यंत्रासाठी असतं. लोक फोनवर ‘पाण्याचा टँकर’ असं शोधतात. यंत्र लाखो पानं चाळतं आणि दहा समोर ठेवतं. त्या दहांत आपलं पहिलं यावं, एवढ्यासाठी लिहायचं. माणूस नंतर.”

“नंतर म्हंजे कवा?”

“… नंतर.”

बाबा झाडत राहिले.

ते झाडत होते तो रस्ताही विचित्रच होता. जुना डांबरी रस्ता. बाबांच्या तकियापाशी, म्हणजे त्यांच्या फकिरी मठीपाशी वळायचा, उताराला लागायचा आणि दोनशे पावलांवर सरळ धरणाच्या पाण्यात शिरायचा. पलीकडे कुठे बाहेर पडायचा नाही. त्या पाण्याखाली कोंडमाळ गाव होतं. गाव बुडाल्याला चाळीस वर्षं झाली, तरी बाबा रोज पाण्याच्या काठापर्यंत रस्ता झाडत. कुणी हसलं तर म्हणत, वापरातला रस्ता हाय.

आता त्या रस्त्याच्या टोकाला एक टँकर उभा होता. उलटा घातलेला, मागची चाकं पाण्यात. त्याच्यामागे गहिनीनाथ ड्रायव्हर गुडघाभर पाण्यात पाइप धरून उभा होता आणि पाइपातून धरणात पाणी पडत होतं. तीन दिवस पडत होतं. एवढा टँकर अर्ध्या तासात रिकामा होतो, हे शार्दूललाही ठाऊक होतं. म्हणूनच तो तिकडे बघायचं टाळत होता.

शार्दूलचा धंदा म्हणजे दुसऱ्यांच्या धंद्यांच्या वेबसाइट बनवणं आणि त्या शोधात वर आणणं. गडी हुशार होता, आणि हे त्याला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नसे. त्याने हात लावलेलं फरसाणाचं दुकान गल्लीत कुणाला माहीत नसलं तरी फोनवर पहिलं दिसायचं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पण सोनूबाई पहिल्या नंबरावर.

टँकरच्या मालकासाठी त्याने मोठी शक्कल लढवली होती. कुठूनशी जिल्ह्यातल्या गावांची एक जुनी यादी मिळवली आणि गावागणिक एक पान तयार केलं. मजकूर सगळीकडे तोच, गावाचं नाव तेवढं वेगळं. ‘तुमच्या गावात शुद्ध पाणी. फक्त हाक मारा, तासाभरात तुमच्या दारात.’ तीनशे बारा गावं, तीनशे बारा पानं. एका दुपारचं काम. यादी कुठल्या सालची आहे, हे बघायला कुणाला वेळ होता?

पानाखाली एका समाधानी गिऱ्हाइकाचे दोन शब्द असले की पान वर चढतं. तेही त्याने मनानेच लिहिले. कोंडमाळच्या पानाखाली होतं, ‘पाणी वेळेवर मिळालं, जीव शांत झाला. मैना सखाराम, वरची आळी.’

महिनाभरात मालकाची वेबसाइट पहिली आली. शार्दूल आकडे बघत बसला, सुगरणीने भरलेल्या पंगतीकडे बघावं तसा.

आकड्यांतच ते दिसलं. लोक एखाद्या पानावर आठ-दहा सेकंद थांबतात आणि जातात. कोंडमाळच्या पानावर भर दुपारी बाराला तेवीस जण आले. आले ते गेलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी तेवीस, आठवड्याने तेवीस. खरं सांगायचं तर त्याला आधी आनंदच झाला. एवढं खिळवून ठेवणारं पान आपण लिहिलं म्हणून त्याने चार मित्रांना ते दाखवलंसुद्धा.

मग निरोप यायला लागले. वेबसाइटवर मागणी नोंदवायचे रकाने असतात, त्यांतून. फोन नंबर नाही. नाव, मैना सखाराम. मागणीच्या जागी दोनच शब्द.

‘तास झाला.’

रोज दुपारी बाराला. ‘तास झाला.’

शार्दूलची पाचावर धारण बसली. त्याने पानच काढून टाकलं. पान गेलं. तेवीस जण तिथेच राहिले.

पण मागणीचा निरोप एकट्या शार्दूलकडे जात नव्हता, तो ड्रायव्हरच्या फोनवरही जात होता. ती सोय शार्दूलनेच केलेली. गहिनीनाथ साधा माणूस. पाण्याला नाही म्हणू नये, एवढंच त्याचं शास्त्र. निरोप वाचला, टँकर भरला आणि निघाला. रस्ता जिथे पाण्यात शिरतो तिथेही तो थांबला नाही, टँकर वळवून उलटा पाण्यात घातला.

आज सकाळी त्याची बायको छबू शार्दूलच्या ऑफिसच्या पायरीवर येऊन बसली. रडली नाही, भांडलीही नाही. “तुमच्या पानानं नेला, तुमीच आना,” एवढंच म्हणाली. आणि उठेना.

म्हणून तो आला होता. आल्या आल्या त्याने गहिनीनाथाचा दंड धरून ओढून पाहिलं. गहिनीनाथाचे ओठ निळे पडले होते. पण हात हलला नाही.

“रांग हाय, साहेब,” तो म्हणाला. “बाया हुभ्या हायत्या. अर्ध्यात टाकून कसा येऊ?”

बाबांना तीनशे बारा गावांची यादी, पानावरचा मजकूर, मैनाचे निरोप, सगळं सांगून झालं होतं. आता शार्दूलने पुन्हा त्यांना गाठलं.

“बाबा, तुम्ही इथले जाणते. त्याला झपाटलंय. काही उतारा वगैरे…”

“त्याला?” बाबा म्हणाले. “त्यो तर काम करतोय.”

“कुणाचं?”

“तुजं.”

खराट्याची खरखर तेवढी चालू होती.

“मैना तुला कशी ठावं?” बाबांनी विचारलं.

“मैना कुणी नाही. मनाने घातलेलं नाव आहे ते.”

“वरच्या आळीची. हंड्याला तिच्या पोचा हाय.”

“बाबा, गाव उठून चाळीस वर्षं झाली.”

“गाव उठलं तवा समदी उठली न्हाईत, बेटा.”

ऊन डोक्यावर आलं होतं. पाण्यावर एक लाट नव्हती. एवढं मोठं धरण, पण एक बगळा नाही, एक टिटवी नाही.

“पण ते पान त्यांनी वाचावं कसं?” शार्दूलचा आवाज चढला. “तिथे फोन नाही, वीज नाही, माणूस नाही!”

बाबा थांबले. पहिल्यांदाच खराटा थांबला.

“मानसांसाठी नव्हतं म्हनालास ना?”

“… हो.”

“मग मानसं कशी वाचतील?”

शार्दूलला हसायचं होतं. ओठ हलले, हसू काही आलं नाही.

“जा,” बाबा म्हणाले. “काठाला जा. हाक मार तिला.”

“कुणाला?”

“जिच्या नावानं लिवलंस तिला. फकस्त हाक मारा, असं लिवलंस न्हवं?”

याला काय घाबरायचं, असं शार्दूल स्वतःशी म्हणाला. भर दुपार, लख्ख ऊन, शेजारी दोन माणसं. तो उतरून काठाशी गेला, हाताचा कर्णा केला आणि थोड्या टवाळीच्या सुरातच ओरडला,

“मैनाबाईऽऽ!”

डोंगरावरून आवाज परत यायला हवा होता. आला नाही.

“ओऽऽ.”

पलीकडच्या काठावरून नव्हे. डोंगरातून नव्हे. पाइपापासून हातभर अंतरावरून, दमलेल्या बाईचा, अगदी साधा आवाज. स्वयंपाकघरातून कुणी ओ द्यावी तसा.

शार्दूल पळाला. लहानपणी त्याला शिकवलं होतं की आडरानात एका हाकेला ओ देऊ नये, भुतं एकदाच हाक मारतात. ते सगळं एकदम आठवलं. तो चढण चढून वर येतो तो बाबांनी खराटा रस्त्यावर आडवा धरलेला.

“सोडा, बाबा! हाक मारली तिने… ऐकलीत ना तुम्ही?”

“हाक तू मारलीस,” बाबा म्हणाले. “ती ओ हुती.”

शार्दूलने मागे वळून पाण्याकडे बघितलं.

“तीनशे गावांत हाका घालत सुटलास. कुनी ओ दिली तर पळतोस व्हय?”

खराटा म्हणजे काय, चार काड्या. ओलांडून जाता आला असता. गाडीही तिथेच उभी होती.

पण शार्दूलला लाज वाटली. भीती होतीच, पण भीतीच्या वर लाज वाटली. तेवीस जणी आपापले हंडे घेऊन त्याच्या एका ओळीच्या भरवशावर उभ्या होत्या, आणि तो रोज सकाळी चहा पिता पिता त्यांना आकडा म्हणून बघत होता. चार मित्रांना दाखवत होता.

तो वळला. बूट काढून तकियाच्या पायरीवर ठेवले. पाण्यात उतरला. धरणाचं पाणी वरून उन्हाने तापलेलं होतं, घोट्याखाली बर्फ.

“गहिनीनाथ, पाइप इकडे दे.”

“रांग, साहेब…”

“मी धरतो. माझंच काम आहे ते. गाडीची किल्ली घे आणि घरी जा. छबू पायरीवर बसलीय.”

गहिनीनाथाने त्याच्याकडे बघितलं. मग समोरच्या रिकाम्या पाण्याकडे बघून, कुणाचा तरी निरोप घ्यावा तसा, म्हणाला, “येतो मी, बाई.” आणि पाइप सोडला.

पाइप हातात येताच आवाज बदलला.

पाणी पाण्यात पडत नव्हतं. ते भांड्यात पडत होतं. आधी तळावर खणखणीत, मग भरत भरत जाड, मग काठोकाठ आल्यावर बंद होणारा तो आवाज, जो नळावर उभं राहिलेल्या कुणालाही झोपेतसुद्धा ओळखता येईल. भरलेला हंडा कुणीतरी उचलला. खाली रिकामा सरकवला. पुन्हा खणखणलं.

वर गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं. गहिनीनाथ गेला. शार्दूलला हायसं वाटलं. मनापासून वाटलं. निदान छबूचा माणूस तरी घरी पोचेल.

तो मोजायला लागला. मोजण्याची सवयच होती. दहा. पंधरा. अठराव्या हंड्याचा आवाज जरा वेगळा आला, थोडा दबलेला. पोचा असलेल्या भांड्याचा येतो तसा. शार्दूलने पाइप दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि थेंब सांडू न देता तो हंडा भरला.

“घे, मैनाबाई,” तो म्हणाला. “उशीर झाला.”

हंडा उचलला गेला.

बावीस. तेवीस.

त्याने श्वास सोडला. खांदे भरून आले होते, पण टवाळखोर शार्दूल नाडगौडाला आयुष्यात पहिल्यांदाच आपण एक काम पुरं केलं असं वाटत होतं. तो तोटी बंद करायला वळला.

पाइपाखाली रिकामा हंडा सरकला. खणखणलं.

चोवीस.

आणि त्यामागे, पाण्याखाली लांबवर, दगडावर भांडी टेकवल्याचे आवाज. एक, मग दुसरा, मग मोजता न येणारे.

“बाबा!” तो ओरडला. “तेवीस झाले! कोंडमाळ संपलं! रांग सरत का नाही?”

वर खराटा पुन्हा चालू झाला होता. बाबा तकियापासून झाडत झाडत खाली येत होते. त्यांनी त्याचे बूट हळूच बाजूला सरकवले, त्यांच्याखालची धूळ झाडली आणि ते परत जागेवर ठेवले.

“यादीत गावं किती हुती म्हनालास?”