इलाहीबाबांचे ‘नाही’

“...पण बाबा, ‘नाही’ म्हणजे नेमकं काय?”

“‘नाही’ म्हणजे नाही.”

मिहिर देवस्थळी हसला. गूढ उत्तर मिळाल्यासारखा हसला.

इलाहीबाबा मुलाण्यांनी चहा गाळला. चोथा बाभळीच्या बुंध्याशी झटकला आणि एक कप त्याच्यापुढे सरकवला.

बाबा चौतीस वर्षे पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कालव्याच्या कडेने सायकल मारत फिरायचे आणि ज्याची पाळी असेल त्याच्या शेताला पाणी सोडायचे, हे त्यांचे काम. एवढ्या वर्षांत त्यांनी एकाचीही पाळी मागेपुढे केली नाही. खात्यात हा स्वभावदोष समजला जाई. निवृत्तीनंतर ते तलावाकाठच्या पडक्या चौकीतच राहिले. पुढे तलावाभोवती अभयारण्य झाले. वनखात्याने बाबांना नेमले नाही आणि हटवलेही नाही.

तलावाचे नाव सांगत नाही.

मिहिर शहरात कर सल्लागार होता. वय चव्वेचाळीस, पोट नाही, गुडघे उत्तम. त्याच्याकडे ग्रॅव्हल सायकल होती. ग्रॅव्हल म्हणजे आपला खडी-मुरूम. ज्या रस्त्यांबद्दल गावोगावचे लोक चाळीस वर्षे अर्ज करीत आले, त्याच रस्त्यांवर हौसेने चालवण्यासाठी ही जाड टायरांची सायकल निघाली आहे. ती मोटारीच्या भावात मिळते.

तलावाला वळसा घालणारा एक मार्ग त्याला आखायचा होता. अभयारण्याची कड, मागच्या माळावरचे गाडीरस्ते, दोन वाड्या, एक ओढा, मिळून बेचाळीस किलोमीटर. त्यासाठी तो तीन महिने दर शनिवारी बाबांकडे येत होता. पहिल्याच दिवशी त्याने पायांना हात लावला होता.

“मी कसला गुरू, सायेब? मी पाटकरी.”

“गुरू असंच म्हणतात,” मिहिर म्हणाला होता. “आणि मला अहो-जाहो करू नका. शिष्याला ‘अरे’ म्हणायचं.”

“बरं सायेब.”

बाबांनी त्याला सगळ्या वाटा दाखवल्या. कुठला गाडीरस्ता कुठे निघतो, कुठल्या विहिरीचे पाणी प्यावे, कोणत्या वस्तीवरचा कुत्रा नुसता भुंकतो आणि कोणता चावतो. मिहिरने सगळे यंत्रात नोंदवले. वर्तुळ जुळत आले. फक्त अर्धा किलोमीटर राहिला.

उन्हाळ्यात तलावाचे पाणी हटले की दोन काठांच्या मध्ये खडीची एक लांब पट्टी उघडी पडते. चैत्र-वैशाखात ती या काठाला त्या काठाशी जोडते. तेवढीच वाट. ती नसेल तर आल्या रस्त्याने परत फिरायचे, आणि आल्या रस्त्याने परत फिरणे या मंडळींत कमीपणाचे मानतात.

उद्या रविवार. उद्या मार्गाचे उद्घाटन. तीनशे सायकलस्वारांनी नावे दिली होती.

“पट्टीवर चिखल आहे का, बाबा?”

“नाही.”

“पाणी?”

“नाही. खडी आहे. घट्ट बसलेली.”

“म्हणजे माझ्या टायरसाठीच केलेली.”

बाबांनी चहाचा घोट घेतला.

“मग जाऊ?”

“नाही.”

“का पण?”

बाबांनी रिकामा कप खाली ठेवला.

मिहिर मनात मोजत होता. हे अकरावे ‘नाही’. त्याने पुष्कळ वाचले होते. खरा गुरू आधी नाकारतो, नाकारून बघतो, आणि जो खचत नाही त्याला दार उघडतो, हे त्याला पाठ होते. साध्या माणसाला एका ‘नाही’त समजते. वाचलेल्या माणसाला अकराही पुरत नाहीत.

बाबा उठले. कपबशा घेऊन विसळायला खाली पाण्याकडे गेले. जाताना त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

मिहिरला वाटले, हीच खूण.

त्याने शिरस्त्राण चढवले, त्यावरचा छोटा कॅमेरा सुरू केला, बूट पेडलमध्ये खटकन बसवले आणि सायकल उतारावर घातली.

पहिले दोनशे मीटर फार सुंदर गेले. चाकाखाली खडी करकर वाजत होती, दोन्ही बाजूंना पाणी होते, आणि समोर दुसरा काठ अगदी हाताशी आला होता. मग पुढच्या खडीवरून पांढरे पक्षी उडाले. काळ्या टोपीचे, पिवळ्या चोचीचे, शंभरेक असतील. त्यांना सुरय म्हणतात. सगळे एकदम ओरडत वर आले आणि त्याच्या डोक्यावर घिरट्या घालू लागले.

मिहिरला ते स्वागत वाटले. कॅमेऱ्यात नीट यावे म्हणून त्याने मान वर केली.

एक सुरय सरळ खाली आला आणि शिरस्त्राणावर आपटला. पाठोपाठ दुसरा.

“थांब! अरे, हलू नकोस!”

काठावरून बाबा ओरडले होते. तीन महिने मागितलेले ‘अरे’ मिळाले, पण ते मिहिरच्या लक्षात आले नाही.

त्याने करकचून ब्रेक दाबला. या सायकलींना एक खोड असते. बूट पेडलमध्ये अडकलेले असतात. टाच बाहेर फिरवली तरच सुटतात. घाईत हे कोणाला आठवत नाही. चाके थांबली, पाय सुटेना, आणि अंगावर एवढे महाग कपडे घातलेला तो गृहस्थ उभ्या जागी, अगदी सावकाश, डावीकडे कलंडला.

त्याने हात टेकला.

हात जिथे टेकला तिथे अंगठा आणि पहिले बोट यांच्यामध्ये एक खडा होता. मातकट, त्यावर तपकिरी ठिपके. मिहिर त्याच्याकडे बघत राहिला.

खडा कोमट होता.

त्याच्या शेजारी आणखी एक. हातभर पलीकडे तीन. मग एका खड्याने डोळे मिटले.

ते पिल्लू होते. खडीच्याच रंगाचे, खडीला चिकटून, मान आत ओढून बसलेले. एकदा ते दिसल्यावर बाकीचे दिसायला वेळ लागला नाही. पुढे, मागे, कोपराखाली, चाकाच्या बाजूला... जिकडे तिकडे अंडी. घरटी नाहीत, काडी नाही, पीस नाही. नुसत्या खडीत केलेले खळगे.

त्याने मान मागे वळवली.

त्याच्या चाकाची रेघ काठापासून त्याच्यापर्यंत सरळ आली होती. रेघेवर एके ठिकाणी पिवळा ओला डाग होता. त्याच्या अलीकडे कवचाचे तुकडे होते आणि त्यांत काहीतरी ओले, काळपट. त्याला पाय होता. पाय हलत होता.

मग हलायचा थांबला.

मिहिरच्या घशातून आवाज आला. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाचा तो वाटला नाही.

“बाबा...! बाबा, इकडे या!”

“मी येत नसतो तिथं.”

“अहो, मी पडलोय!”

“दिसतंय. या दिवसांत मी कधी पाय ठेवला नाही तिथं, आजपण ठेवणार नाही. बूट काढ.”

“काय?”

“बूट काढ, हातात घे. सायकल खांद्यावर टाक. चाकाच्या रेघेवरून परत ये. रेघेच्या बाहेर बोट पडायला नको.”

“रेघेवर तर...”

“हां. तिथूनच यायचं.”

मिहिर उठेना.

“लवकर रे! त्यांची आईबापं वर उडालीत. ऊन बघ केवढंय. सावली गेली की अंडी आतल्या आत शिजतात.”

तो उठला. बूट एका हातात घेतले, दुसऱ्याने सायकल खांद्यावर धरली. तीन बोटे रुंदीच्या त्या रेघेवर एकापुढे एक पावले टाकत तो निघाला. तापलेली खडी तळव्यांना टोचत होती. पक्षी डोक्यावर आपटत होते. त्याने डोके वाचवले नाही, हात मोकळा नव्हता.

दोन ठिकाणी त्याला पाऊल त्या ओल्या जागेवरून उचलून पलीकडे टाकावे लागले. त्याने खाली पाहिले. न पाहून चालणार नव्हते.

काठावर येताच तो बसला. सायकल कुठे पडली हे त्याने बघितले नाही. पायाला रक्त होते, ते त्याचेच होते.

बाबा त्याच्याकडे बघत नव्हते. ते पट्टीकडे बघत होते.

एकेक सुरय खाली उतरू लागला. उतरला की दोन पावले चालायचा, अंग झटकायचा आणि आपल्या खळग्यावर बसायचा. एवढ्या खडीत आपला खळगा कोणता, हे एकालाही शोधावे लागले नाही. पाच मिनिटांत पट्टी पुन्हा शांत झाली. आता तिथे काही आहे, हे सांगूनही कोणाला पटले नसते.

शेवटचा पक्षी चाकाच्या रेघेपाशी उतरला. दोन पावले चालला. अंग झटकले.

आणि त्या पिवळ्या डागावर बसला.



“बाबा,” शेवटी मिहिर म्हणाला. पुस्तकांत वाचलेले पुन्हा वर येऊ लागले होते. “मला कळलं. अंडं म्हणजे माझा अहंकारच. तो फुटल्याशिवाय...”

“अंडं म्हणजे अंडं.”

मिहिरने पायाचे रक्त पुसले.

जरा वेळाने तो रागावला. शरमलेला माणूस रागावतो तसा.

“पण तुम्ही सांगितलं का नाही? तीन महिने! एका शब्दानं म्हणाला असतात, की इथं अंडी असतात...”

“म्हणालो असतो तर?”

“तर आलो नसतो!”

बाबांनी त्याच्या डोक्याकडे पाहिले. शिरस्त्राणावरच्या कॅमेऱ्याचा तांबडा दिवा अजून लुकलुकत होता.

मिहिरने हात वर नेला आणि तो दिवा विझवला.

“...बघायला आलो असतो,” तो हळूच म्हणाला.

बाबांनी विसळलेल्या बशा उपड्या घातल्या.

एकाएकी मिहिर ताडकन उठला. त्याला उद्याचा रविवार आठवला होता. तीनशे माणसे. सहाशे चाके. मार्ग काल रात्रीच सगळ्यांच्या फोनवर गेला होता, आणि त्यात ही पट्टी होती. बाबा शेवटी ‘हो’ म्हणतील याची त्याला खात्री होती.

“मी आत्ताच्या आत्ता कळवतो सगळ्यांना.” त्याची बोटे फोनवर पडत होती आणि चुकत होती. “हे ऐका. ‘मित्रहो, पट्टीवर दुर्मीळ पक्ष्यांची शेकडो अंडी आणि पिल्ले आहेत, कृपया तिकडे...’”

बाबांनी फोनवर हात ठेवला. ओला हात. अक्षरे झाकली गेली.

“काय झालं?”

“पत्ता देतोयस.”

मिहिर थांबला. तीनशे माणसे ओळखीचीच होती. सगळी सज्जन होती. सगळ्यांकडे कॅमेरे होते. त्यांतली निम्मी तरी उद्या लांबून, अगदी लांबून, एकच फोटो घेतील. मग एक पाऊल पुढे.

त्याने अक्षरे पुसली.

“मग नुसतं ‘पट्टीवरून जायचं नाही’ एवढंच लिहितो.”

“मी तुला किती वेळा म्हणालो?”

“...अकरा.”

पट्टीवरून वाऱ्याबरोबर एक बारीक आवाज आला. पिल्लाचा असेल. मिहिर दचकला.

“रस्ता फार खराब आहे, म्हणून लिहू?” त्याने विचारले, आणि स्वतःच मान हलवली. “छे. तसं लिहिलं तर तीनशेचे पाचशे होतील. खराब रस्त्यासाठीच येतात सगळे.”

बाबांना हे नवीन होते. ते वळून त्याच्याकडे बघत राहिले.

“खराब रस्त्यासाठी?”

“हो.”

“मुद्दाम?”

“हो, बाबा.”

“आणि चांगला असला तर?”

“चांगल्या रस्त्याकडे कोण फिरकतंय!” मिहिरचे डोळे भरून आले. “खरं सांगितलं तरी येणार, काही नाही सांगितलं तरी येणार. सकाळी सहाला निघतील सगळे. मी काय लिहू, बाबा?”

बाबांनी पट्टीकडे पाहिले. मग फोनवरचा हात काढला.

“लिही... पट्टीवर डांबर पडलंय.”