एक ओळ कमी

“...मग यंत्रच बिघडलंय, असं का म्हणत नाही, भन्ते?” प्रज्योतने विचारलं.

विहारातले भिक्खू, भन्ते सुमेध, यंत्राची केबल न्याहाळत होते.

विहारातल्या टेबलावर ब्रेल छापणारं नवं यंत्र होतं. शेजारी आम्रपाली बसली होती. तिला दिसत नाही. आजवर ती बुद्धवचनं कुणाकडून तरी ऐकून, पाठ करून म्हणायची. आज संध्याकाळी सभेत ती पहिल्यांदाच स्वतःच्या बोटांनी वाचणार होती. बाहेर सतरंज्या अंथरायला सुरुवात झाली होती आणि कागद अजून कोराच होता.

प्रज्योत शहरातून इंजिनिअर होऊन आला होता. विहाराच्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही प्रणाली होती. ती यंत्राला आपोआप ओळखेना, म्हणून ‘या नावाची वस्तू दिसली की तेच छापायचं यंत्र समज’ असा नियम त्याने हाताने लिहिला. खोक्यावर ठसठशीत छापलेलं कंपनीचं नाव त्यात घातलं. मग यूएसबीला जोडलेल्या वस्तूंची यादी पुन्हा पुन्हा पाहिली. ते नाव यादीत नव्हतंच.

“नाव नाही म्हणजे यंत्र नाही,” तो म्हणाला. “साधी गोष्ट आहे.”

“दादा, तू यंत्र जोडलंयस की खोकं?” आम्रपालीने विचारलं.

भन्ते हसले. उठले... आणि त्यांनी यंत्राची केबल ओढून काढली.

“अहो भन्ते, जोडायचं सोडून...”

“यादी बघ.”

प्रज्योतने यादी काढली. वाचता वाचता तो थांबला.

एक ओळ गेली होती. मधलीच, भलत्याच नावाची. ती कॉम्प्युटरच्या आतल्या कशाची तरी असेल, म्हणून त्याने तिच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

यंत्र यादीत होतंच, फक्त खोक्यावरच्या नावाने नव्हतं. पडद्यावर वरच्या जुन्या यादीत त्या ओळीचा क्रमांक होता. नियमातलं कंपनीचं नाव खोडून त्याने तो क्रमांक लिहिला आणि केबल पुन्हा जोडली.

यंत्र खडखडलं. टेबल हादरलं. कागद पुरता बाहेर येण्याआधीच आम्रपालीचं बोट त्यावर होतं.

संध्याकाळी ती कुठेही न अडखळता वाचत गेली. लहान मुलंसुद्धा चुळबुळली नाहीत. शेवटी सगळ्या सभेने ‘साधु, साधु, साधु’ असा साधुकार दिला, तेव्हा छताखालची पाखरं उडाली.

प्रज्योत भन्तेंच्या कानाशी वाकला. यंत्र कुणी चालू केलं, तेही लोकांना सांगावं, असं त्याने हळूच सुचवलं.

भन्तेंनी त्याच्याकडे पाहिलं.

“सांगू की... आधी तू जरा बाहेर जाऊन उभा राहा. इथे काय कमी होतं, ते बघू.”