खिडकीखालची राख

“मग रोज पहाटे माझ्या खिडकीखाली कोण येऊन उभं राहतं, ते तुम्हाला ठाऊक नाही म्हणता?”

केवळपुरी बुवा पावट्याच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“ठाऊक नाही, असं मी कधी म्हटलं?”

विद्याधर सबनीस मठीच्या पायरीशी उभे होते. बस म्हटलं तरी बसले नव्हते.

तीस वर्षं त्यांनी कोर्टांसाठी हस्ताक्षरं तपासली होती. मृत्युपत्रावरची सही मेलेल्या माणसाची की त्याच्या पुतण्याची, हे ते भिंगातून एकदा पाहून सांगत. शेवटी शेवटी तर घरी आलेल्या शुभेच्छापत्रावरची सहीसुद्धा भिंगाखाली धरावीशी वाटायला लागली. तेव्हा त्यांनी पुण्यातला फ्लॅट बंद केला आणि घाटमाथ्यावरच्या मोरखिंडीत, गावापासून जरा वर, एक रिकामं घर घेतलं. शांततेसाठी. फाटकावर पाटी लावली, ‘विनाकारण आत येऊ नये.’

त्याला तीन महिने झाले होते.

“बुवा, सरळच सांगतो. या गावात काहीतरी शिजतंय. मी पारावरून गेलो की बोलणं थांबतं. बायका एकमेकींच्या कानाला लागतात. दुकानदार विचारतो, झोप लागते का साहेब. त्याला काय करायचंय माझ्या झोपेशी?”

“काय करायचं असेल?”

“घरावर पाळत आहे. मी जागा राहून पाहिलं, पण ऐन पहाटे डोळा लागतो. म्हणून खिडकीखाली राख चाळून पसरली.”

त्यांनी पिशवीतून सहा कागद काढले. प्रत्येकावर एकेक पाऊल, पेन्सिलीनं रेखलेलं, मापांसकट.

“सहा दिवस. सहा वेगळी माणसं. त्यातल्या दोन बायका. टोळी आहे ही, बुवा. आणि हे पाऊल पाहा. याला करंगळी नाही. गावात असा एकच माणूस आहे...”

“भिवा येडगे.”

“तुम्हीच नाव घेतलंत, बरं झालं.” सबनीसांनी सातवा कागद पुढे केला. “ही तक्रार तालुक्याच्या ठाण्यात देणार आहे. भिवाचं नाव घातलंय. साक्षीदार म्हणून तुमची सही हवी.”

बुवांनी हातावरची सालं झटकली. सातवा कागद बाजूला ठेवला. बाकीचे सहा पायरीवर ओळीनं मांडले.

मग उठून चौथ्या कागदावर आपला उजवा पाय ठेवला.

टाच टाचेत बसली. अंगठा अंगठ्यात.

सबनीस वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले.

“म्हणजे... तुम्हीसुद्धा?”

“गुरुवारी माझी पाळी असते.”

“पाळी? कसली?”

“तुझा खोकला ऐकायची.”

सबनीसांनी कागदावरून नजर उचलली.

“पहाटे तू झोपेत खोकतोस. तो कानावर आला की आम्ही परततो. भिवा मेंढरांकडे जातो. बायजाक्का पाण्याला जाते.”

“पण कशासाठी?”

“तुझ्याआधी त्या घरात चिटणीस म्हणून एक गृहस्थ होते. शहरातूनच आलेले. त्यांनाही कोणी यायला नको होतं. गाव म्हणालं, साहेबांना एकांत पाहिजे, कोणी जाऊ नका. नाही गेलं कोणी...” बुवांनी एक शेंग उचलली आणि तशीच खाली ठेवली. “दार बंदच राहिलं, आणि सहाव्या दिवशी भिवाचं कुत्रं त्या दारापुढून हलेना.”

खालच्या शेतात कोणीतरी बैलांना हाकारत होतं.

सबनीसांनी कागद गोळा केले.

“गोष्ट चांगली आहे, बुवा. पुरावा?”

“नाही.”

“सराईतपणे खोटी सही करणारा असाच शांत असतो. त्याचा हात जराही कापत नाही.”

“असेल.”

“तक्रार आज देत नाही. आधी पडताळून पाहतो.”

“कसं?”

सबनीसांनी घशाशी आलेला खोकला मुठीत दाबला. बुवांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

“सबनीस... ते करू नकोस.”

दुसऱ्या दिवशी पहाटे सबनीस लाकडी खुर्चीत ताठ बसले होते. हातात टॉवेल होता. तांबडं फुटायच्या सुमाराला छातीतून खोकला वर आला. त्यांनी टॉवेल तोंडावर दाबला आणि तो गिळला.

पावलं आली. खिडकीखाली थांबली.

आता गज उचकटतील. आता दाराला हात घालतील. सबनीस वाट पाहत राहिले. दोनदा खोकला आला, दोन्ही वेळा त्यांनी तो दाबला. डोळ्यांत पाणी आलं.

बाहेर कोणी काहीच करत नव्हतं.

मग तीच पावलं पळत उतारावरून खाली गेली. जरा वेळानं परत आली. आता बरोबर आणखी पावलं होती.

“अजाबात न्हाई?” बाईचा आवाज. बायजाक्काचा.

“न्हाई. लई वेळ झाला.” हा भिवाचा.

“थांब जरा. येईल.”

ते थांबले. किती जण होते कोण जाणे. भिंतीच्या अलीकडून सबनीसांना त्यांचे श्वास ऐकू येत होते.

आता ओ द्यायला हवी, हे त्यांना कळत होतं. पण शेवटचा फराटा पुरा झाल्याशिवाय सहीबद्दल बोलायचं नाही, ही तीस वर्षांची सवय होती. आणखी एक क्षण, त्यांनी स्वतःला सांगितलं. आणखी एक...

“सायेब! ओ सायेब!”

दारावर थाप पडली. मग धडक. सबनीस उठून उभे राहीपर्यंत दुसरी धडक बसली, कडी चौकटीतून निघाली आणि दारासकट भिवा येडगे आत कोसळला.

तो खांदा धरून उठला. समोर सबनीस उभे होते. तोंडावर टॉवेल तसाच.

“हायेत गं अक्का! जित्ते हायेत!” भिवा ओरडला.

बायजाक्का उंबऱ्यावर आली. तिनं देवाला हात जोडले. मग तिची नजर टॉवेलवर गेली. मग भिवाचीही गेली.

सबनीसांनी टॉवेल खाली घेतला. आणि तेव्हा त्यांना खोकला आला. आवरेना. सगळे जण तो संपेपर्यंत उभे राहिले.

“आमची परीक्षा घेत हुतासा व्हय?” बायजाक्कानं विचारलं.

सबनीसांनी टॉवेल पाठीमागे धरला.

ती वळली. तिच्यामागून बाकीचेही वळले. भिवा शेवटी गेला, एका हातानं दुसरा हात सांभाळत.

त्यानंतर पाचव्या दिवशी सबनीस मठीवर आले. पायरीवर बसले. बुवा अंगण झाडत होते.

“कोणी येत नाही, बुवा.”

बुवा झाडत राहिले.

“भिवाकडे गेलो होतो. हात गळ्यात बांधलाय त्याचा. माफी मागितली. चहा दिला त्यानं. मेंढरांबद्दल बोलला, पावसाबद्दल बोलला... माझ्याकडे पाहिलं नाही. तक्रार चुलीत घातली, पाटी काढली. काल पहाटे मी मुद्दाम खोकलो. मोठ्यानं. दोनदा.”

“मग?”

“बाहेर कोणी नव्हतं.”

बुवांनी केरसुणी भिंतीला टेकवली.

“त्यांना वाटत असेल, हा खोकतोय तोही खोटाच,” सबनीस म्हणाले. “आणि त्यांचं चुकतंय कुठे? मी त्यांच्या जागी असतो, तर मीही हेच म्हटलं असतं.” त्यांनी दोन्ही तळहात गुडघ्यांवर पालथे ठेवले. “मी पुण्याला परत जाऊ का?”

“जायचंय?”

“नाही.”

“मग?”

“मी काय करू ते सांगा, बुवा. तुम्ही सांगाल ते करतो. पुरावा मागणार नाही.”

बुवा त्यांच्या शेजारी पायरीवर टेकले. ऐंशीच्या घरातलं शरीर, टेकताना वेळ लागला.

“उद्या पहाटे ये. मी आत एकटाच निजतो. या भिंतीला लागून बाहेर उभा राहा.”

“राहीन.”

“मला खोकला नाही,” बुवा म्हणाले. “जरा जास्त वेळ थांबावं लागेल.”