दहा प्रश्न

एका तालुक्याच्या गावी एकदा एक विद्वान राहत होता. सुधन्वा त्याचे नाव. वय चाळीसच्या आसपास, नोकरी नगरपरिषदेत कारकुनाची. वीस वर्षे तो रोज सायंकाळी सार्वजनिक ग्रंथालयात येऊन वाचत असे. तिथले वृद्ध ग्रंथपाल नाना हे त्याचे गुरू. कोणत्या ग्रंथानंतर कोणता वाचावा, हे तेच त्याला सांगत.

त्या वर्षी गावातली नऊ वर्षांची शर्वरी दूरदर्शनवरच्या प्रश्नमंजूषेत झळकू लागली. दर रविवारी निवेदक प्रश्न विचारी आणि ही चिमुरडी वाक्य पुरे होण्याआधीच उत्तर देई. गावाला तिचे भारी कौतुक वाटू लागले. वाण्याने दुकानात तिचे छायाचित्र लावले. नगराध्यक्ष तिच्या घरी जाऊन पेढे देऊन आले.

सुधन्वाही दर रविवारी तो कार्यक्रम बघे. शर्वरीच्या आधी तो उत्तर देई, अगदी मोठ्याने. पण ऐकायला घरात म्हातारी आई तेवढी होती आणि तिला कमी ऐकू येई. कार्यक्रम संपला की त्याला जेवण गोड लागत नसे.

"पाठांतर आहे सगळं," तो कचेरीत म्हणे. पुढे एकदा त्याच्या तोंडून निघून गेले, "उत्तरं आधीच देतात म्हणे पोरांना." हे त्याला कुणी सांगितले नव्हते. पण आठवडाभरात ते गावभर झाले आणि अंगणवाडीत काम करणाऱ्या शर्वरीच्या आईच्या कानांवरही गेले.

नानांनी सुधन्वाला बोलावून घेतले. तो मनाशी म्हणाला, आता बोलणी बसणार. पण नाना शांतपणे म्हणाले, "ग्रंथालयात त्या मुलीचा सत्कार ठरलाय. तिथे तू तिची परीक्षा घे. दहा प्रश्न काढ, तिला येणार नाहीत असे."

सुधन्वाने विचारले, "लोकांसमोर?"

"लोकांसमोरच. महिनाभर वेळ आहे."

त्या महिन्यात सुधन्वा इतका सुखी होता की त्याचे त्यालाच नवल वाटले. राजधान्या, नद्या, सनावळ्या त्याने टाळल्या. त्या तिला पाठ असणार. त्याने 'का' ने सुरू होणारे प्रश्न हुडकले. वारा पडला तरी पिंपळाचे पान का हलते? घड्याळाचे काटे डावीकडून उजवीकडेच का फिरतात? एकेक प्रश्न त्याने पात्याला धार लावावी तसा घासला.

सत्काराच्या दिवशी सभागृह भरले होते. पहिल्या दोन प्रश्नांना शर्वरीने उत्तरे दिली. तिसऱ्याला ती म्हणाली, "माहीत नाही." चौथ्याला तेच. सहाव्यापर्यंत तिचा आवाज पुढच्या रांगेलाही ऐकू येईना. तिची आई मान खाली घालून पदराचे टोक चाळवत होती. मागून कुणीतरी हसून म्हणाले, "टीव्हीवर बरं येत होतं!"

 बोलणे दुसऱ्याचे, पण संशय सुधन्वानेच पेरलेला होता. त्याने हातातला कागद मिटला आणि नानांकडे पाहिले.

"दहा ठरले होते," नाना म्हणाले. "विचार."

त्याने विचारले. उरलेल्या चारांपैकी मुलीला एकही आले नाही. कुणी टाळी वाजवली नाही. लोक चपला शोधत, कुजबुजत निघून गेले. एवढ्या दिवसांची इच्छा पुरी झाली होती आणि सुधन्वाला तिथून पळून जावेसे वाटत होते.

तेवढ्यात त्याच्या सदऱ्याची बाही कुणीतरी ओढली. शर्वरी होती. डोळे लाल झाले होते.

"काका, घड्याळाचं उत्तर काय?"

 सुधन्वा खाली बसला आणि त्याने फरशीवर एक पेन्सिल उभी धरली. "पूर्वी उन्हात काठी रोवून वेळ बघत. पृथ्वीच्या उत्तर भागातल्या देशांत त्या काठीची सावली अशी, डावीकडून उजवीकडे फिरते. ज्यांनी घड्याळ केलं त्यांनी काटेही तसेच फिरवले."

"म्हणजे दक्षिणेकडच्या लोकांनी आधी केलं असतं तर उलटं फिरलं असतं?"

"हो! अगदी बरोबर."

"आणि जे बरोबर मधोमध राहतात, विषुववृत्तावर, त्यांची सावली कुठून फिरते?"

 एवढ्या वर्षांच्या वाचनात हे सुधन्वाच्या कधी मनातच आले नव्हते. "मला माहीत नाही," तो म्हणाला. "बघू या?"

मुलगी भूगोलाच्या कपाटाकडे धावली. सुधन्वा नानांजवळ गेला. "मला अद्दल घडवायची होती, तर मला घडवायची. तिला का रडवलंत?"

"तिला मी आधी विचारलं होतं," नाना म्हणाले. "येणार नाहीत असे प्रश्न असतील, चालेल का? ती म्हणाली, उत्तरं नंतर सांगतील ना? मग चालेल. तरी तिला रडू आलं, तो दोष माझा. पण सुधन्वा, ज्याच्याजवळ काही नाही तोच मत्सर करतो, असं नव्हे. तुझ्याजवळ पुष्कळ होतं. कुणी विचारलं नाही म्हणून ते आत आंबत गेलं. कुणीतरी विचारील म्हणून तू वीस वर्षं वाट पाहिलीस. त्या पोरीला हरल्यावर पाच मिनिटंही वाट पाहवली नाही. तिचं हेवा करण्यासारखं काही असेल, तर एवढंच आहे."

सुधन्वा दारापाशी थांबलेल्या शर्वरीच्या आईकडे गेला. "उत्तरं आधी देतात, ही आवई मी उठवली होती. खोटी होती."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग होता आणि तो तिने लपवला नाही. "उद्या कचेरीत सांगा, चारचौघांत. आता आत जा. ती एकटीच जाड पुस्तक काढतेय, अंगावर पडेल."

तो आत गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने कचेरीत सांगितले. काही जण हसले. त्या रात्री त्याला जेवण गोड लागले, असे मात्र म्हणता येणार नाही, पण विषुववृत्तावरची सावली सहा महिने घड्याळाच्या काट्यांसारखी आणि सहा महिने उलटी फिरते, हे त्याने आईच्या कानाशी वाकून तिला सांगितले आणि तिने विचारले, "असं का रे?"