एका धुराचं गाव

गोष्ट खूप जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हाचे डोंगर आजच्यापेक्षा बोटभर तरी उंच असतील.

अशाच एका डोंगरावर सात घरांचं गाव होतं. गाव एवढंसं, पण ऐट केवढी! आणि ऐट कशाची, तर धुराची. सकाळी ज्याच्या छपरातून आधी धूर निघेल, त्याचा मान मोठा. शेजाऱ्याच्या चुलीशी जाऊन शेकणं म्हणजे तर नाक कापून घेणं.

या ऐटीत सगळ्यांच्या पुढे होती ठकूबाई. साठी उलटलेली, एकटा जीव, पण पहिला धूर तिचाच. "मी जन्मात कुणाच्या दारी हात शेकले नाहीत," हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची.

एका वर्षी थंडी अशी पडली, की घागरीतल्या पाण्याचा दगड झाला. रानाच्या वाटा हिमाने निसरड्या झाल्या. लाकूड आणायची सोयच उरली नाही. घरोघरची लाकडं संपत आली, तरी सातही घरं आपापला धूर काढतच होती. पाटलांनी तर नांगर जाळला, पण शेजारी काही गेले नाहीत. आता काय म्हणावं या माणसांना!

ठकूबाईच्या शेजारी वेणू राहायची. तिचं बाळ वीस दिवसांचं होतं. एका दुपारी भिंतीपलीकडून त्याचं रडणं ऐकू आलं. रडण्यात जोरच नव्हता. ठकूबाईच्या काळजात चर्र झालं. वेणूकडे दोन लाकडं उरली होती आणि तिच्याकडे चार. सगळी दिली तरी किती दिवस पुरणार?

विचार करत ती परसात येऊन बसली. पाखरांसाठी बाजरीची कणसं ती दरवर्षी तिथे टांगायची. दिवस मावळत होता. कणसं टिपून झालेले सातभाई जांभळीच्या फांदीवर अंगाला अंग लावून, ओळीने बसले होते. कडेचा पक्षी थरथरत होता. बघता बघता तो बाकीच्यांच्या पाठीवरून टुणटुणत गेला आणि थेट मधे घुसला. थोड्या वेळाने नवा कडेचा उठला, तोही मधे घुसला. कुणी कुणाला टोचलं नाही.

"अगं बाई!" ठकूबाई म्हणाली. "दिवसभर कचाकचा भांडणारी ही पाखरं, आणि यांना कडेला बसायची लाज नाही, की मधे शिरायची नाही. आम्हीच तेवढे शहाणे!"

ती तशीच उठली. चारही लाकडं डोक्यावर घेतली आणि वेणूचं दार वाजवलं.

"वेणू, दार उघड गं. शेकायला आलेय."

"मावशी, तुम्ही? माझ्याकडे?"

"मीच. आणि आता पाटलांनाही आणते. तुझ्या मेंढ्यांच्या गोठ्यात सगळं गाव मावेल."

पाटील आपल्या दारातच फणकारले, "माझ्या घरावर धूर दिसला नाही, तर लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? सगळे तर वेणूकडेच असणार आहेत!"

पाटलांनी घोंगडी खांद्यावर टाकली. मग सगळ्यांची लाकडं एका ठिकाणी आली आणि एकच शेकोटी पेटली. ठकूबाईने नियम घातला : आज जो दाराशी निजेल, तो उद्या विस्तवाशी. बाळ तेवढं रोज मधे. पहिल्या दिवशी दाराशी ती स्वतः निजली आणि तिच्या शेजारी घोंगडीत गुरफटलेले पाटील.

पाचव्या दिवशी बाळाने असा टाहो फोडला, की मेंढ्या दचकून उठल्या. "आवाज ऐकलात?" पाटील छाती फुगवून म्हणाले. "आमच्या गावचं आहे ते!" ठकूबाईचे डोळे भरून आले, आणि तिने ते लपवलेही नाहीत.

थंडी ओसरू लागली तेव्हा एक मीठवाला डोंगर चढून आला. त्याने विचारलं, "बाई, एकाच घरातून धूर? बाकीची घरं ओस पडली की काय?"

ठकूबाई ताठ उभी राहिली. अशी ताठ ती पहिल्या धुराच्या दिवसांतही कधी उभी राहिली नव्हती.

"ओस? अहो, त्या एका धुराखाली सातही घरं आहेत. आत जा आणि बघा, एकही माणूस कमी नाही."

तात्पर्य : ज्या गावात कडेच्या माणसाला मधे जागा मिळते, त्या गावाने खुशाल मान ताठ ठेवावी.