सगुणेने सांगितलेला पगार

फार फार वर्षांपूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एका गावात सगुणा नावाची घोड्यांची वैद्य राहत होती. घोडा लंगडू लागला, चारा खाईना झाला, की लोक तिच्याकडे धाव घेत. तिच्या हाताला गुण होता. पण मोबदल्याचा विषय निघाला की तिची मान खाली जाई. "द्याल ते," एवढंच ती म्हणे. लोकही मग हाताला येईल ते देत, आणि घरी परतताना सगुणा स्वतःवरच चिडत असे.

एके दिवशी दवंडी पिटली गेली. राजाच्या पागेत वैद्य हवा होता. सगुणा निघाली तेव्हा तिची मावशी म्हणाली, "अगं, पुष्कळ जण येतील. तू सगळ्यांत कमी सांग, म्हणजे तुलाच ठेवून घेतील."

 वाटेत धर्मशाळेत घोड्यांचे व्यापारी उतरले होते, त्यांच्याकडे सगुणेने नीट चौकशी केली. शेजारच्या राज्यांत अशा कामाला महिना दहा ते पंधरा मोहरा मिळतात, असं तिला कळलं.

पागेचा कारभार पाहणाऱ्या पागेदाराने तिच्यापुढे एक आजारी घोडी आणली. सगुणेने तिचं दुखणं बरोबर ओळखलं. पागेदार खूश झाला. "बोला बाई, पगार किती घेणार?"

"द्याल ते" अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. "आधी काम किती आहे ते पाहू द्या."

ती पागेत सगळीकडे फिरली. घोडे शंभराच्या घरात, औषधपाण्याला मदतनीस कोणी नाही, आणि हाक तर कधीही यायची. परत येऊन ती म्हणाली, "एवढ्या कामाच्या मी महिना चौदा मोहरा घेईन."

"चौदा! अहो, सकाळी एक जण सहा मोहरांत तयार झाला."

 सगुणेने आवाज शांत ठेवला. "मग त्यांना ठेवा, माझा राग नाही. पण सहा मोहरांत माझं घर चालायचं नाही. आज हो म्हणेन आणि उद्यापासून दुसरीकडे काम शोधू लागेन. तसं मला वागायचं नाही."

 पागेदार हळूच हसला. "मागचा वैद्य असाच स्वस्तात आला होता. ऐन स्वारीच्या तोंडावर सोडून गेला. पण बाई, खरं सांगतो, बाराच्या वर मला मंजुरी नाही."

सगुणेने क्षणभर विचार केला. "चालेल. बारा मोहरा, हाताखाली एक माणूस आणि पागेजवळ राहायला घर. वर्षभर माझं काम बघा, मग पगाराचं पुन्हा बोलू."

"ठरलं!" पागेदार म्हणाला.

बाहेर मोतद्दार घोड्यांना पाणी दाखवत होता. "बाई, उद्यापासून येणार ना?" त्याने विचारलं.

"उद्या कशाला? कुठला घोडा सगळ्यांत जास्त त्रासात आहे, तो आधी दाखव," असं म्हणून सगुणेने पदर खोचला आणि ताठ मानेने ती त्याच्याबरोबर चालू लागली.

तात्पर्य: आपल्या कामाचं मोल आधी आपण जाणून घ्यावं, मग ते न लाजता आणि फार न ताणता सांगावं, म्हणजे देणाऱ्यालाही ते पटतं.